अनिल प्यायला नव्हता

"कोन रे तू? जमीन मोजनारा हायस काय?" नाचणी झोडपायची काठी हातातच धरून ठकूबाईने विचारलं.

मुरारी खळ्याच्या कडेला थांबला. वरंधला एसटीतून उतरून तासभर चढण चढल्याने त्याला धाप लागली होती. "नाय काकी. मी मुरारी, पोलादपूरचा. कंपनीत तुमच्या अनिलच्या संगं होतो."

काठी क्षणभर थांबली, मग पुन्हा पडू लागली. "त्या दारुड्याचं नाव हितं कोन घेत नाय."

मुरारी महाडच्या औद्योगिक वसाहतीत, एका रसायनांच्या कारखान्यात तीस वर्षं होता. त्यातली शेवटची पंधरा पाळीप्रमुख. माणूस साधा, पापभीरू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी टाकी धुवायची होती. माणूस आत उतरण्याआधी गॅस तपासायचा आणि मगच परमिटवर सही करायची, हे त्याचं काम. त्या दिवशी मीटर बंद होतं. दुसरं आणायला पार स्टोअरपर्यंत जावं लागलं असतं. त्याने तशीच सही ठोकली आणि म्हणाला, "जा रे अनिल, काय नाय होत." अनिल शिडीवरून उतरला तो पुन्हा वर आला नाही.

साहेबांनी जबाब लिहूनच आणला होता. अनिल दारू पिऊन आला, कुणाला न विचारता टाकीत उतरला. परमिटचा कागद त्यांनी मुरारीच्या देखत फाडला. मुरारीची दर्शना तेव्हा बारावीला होती. नोकरी गेली तर काय, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्याने जबाबाखाली सही केली. अनिलच्या वाडीत निरोप गेला तोही तसाच.

गेल्या महिन्यात तो निवृत्त झाला. निरोपाचा हार घालताना साहेब म्हणाले, "मुरारीभाऊंच्या पाळीत एवढ्या वर्षांत एकच अपघात, आणि त्यातही त्यांची चूक नाही." टाळ्या वाजल्या.

"काकी, अनिल प्यायला नव्हता," तो म्हणाला, आणि मग मीटर, सही, जबाब, सगळं एका दमात सांगून मोकळा झाला.

ती शिव्या देईल, काठी घालेल, असं त्याने वाटभर मनाशी धरलं होतं. ती खाली बसली.

"सरिता हेच सांगत व्हती," ती म्हणाली. सरिता म्हणजे अनिलची बायको. "देवावर हात ठेवून सांगत व्हती. मी म्हनले, खोटारडे, तूच त्याला पाठीशी घातलंस. पोरीला घेऊन गेली ती. मुंबैला कुटं हाय, ठाव नाय. त्याचा बापूस मरताना म्हनला, पोराचा फोटू लाव. मी लावला नाय."

"माझं चुकलं काकी. पाया पडतो."

"माझ्या कशाला पडतोस? पितरांत त्याच्या नावाचं पान वाढलं नाय मी. तू खोटं बोललास ते एकदाच रे. मी रोज बोलले. आता मी कुनाच्या पाया पडू, सांग."

मनावरचं ओझं उतरवायला मुरारी इथवर आला होता. ते आपण कुणाच्या डोक्यावर ठेवलं, हे आता त्याला समोर दिसत होतं, आणि त्याचं स्वतःचं तसूभरही कमी झालं नव्हतं.

ठकूबाई गुडघ्यांवर हात टेकून उठली. डोक्यावरून पदर घेतला. "चल. वाडीला सांग."

वाडीत सगळी मिळून बारा घरं. पहिल्या घरच्या पडवीत येसाजी बसला होता, ऐंशीच्या पुढचा, कानांनी ठार बहिरा. मुरारीचं बोलणं होईस्तोवर तो मान हलवत राहिला आणि शेवटी त्याने तंबाखूची डबी पुढे केली. पुढच्या घराला कुलूप होतं. त्याच्या पुढच्यालाही. माणसं मुंबईला, शिमग्याला येतील ती येतील.

"काकी, हितं कोन नाय."

"माझ्या पोराला दारुडा म्हनले तवा समदे व्हते. बोल."

तो कुलपासमोर उभा राहून बोलला. लग्नाचं आवतण द्यायला आल्यासारखी ती शेजारी ताठ उभी होती. "मोठ्यान बोल. माजघरात जाऊ दे." मग पुढचं दार. मग त्याच्या पुढचं. सुरुवातीला त्याच्या सांगण्यात मीटर होतं, साहेब होते, दर्शनाची बारावी होती. घरागणिक एकेक गळत गेलं. शेवटच्या कुलपापाशी दोनच वाक्यं उरली. "अनिल प्यायला नव्हता. मी मारला त्याला."

उन्हं कलली होती. ती मागे फिरली आणि तो तिच्या मागोमाग चालत राहिला. आपल्या घरापाशी आल्यावर ती आत गेली आणि तिने दार ओढून घेतलं.

"आता हितं सांग. ह्या घरातबी त्याला दारुडाच म्हनत व्हते," आतून आवाज आला.

मुरारीने सांगितलं. आत काही हाललं नाही. त्याने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने.

आतून कडी लागली.