कळी घातलेला सदरा

सारियेमनं चोवीस वर्षं खिसे शिवले. नुसते खिसे. उंगारान शहरातल्या शिलाईच्या कारखान्यात सदऱ्याचा पुढा तिच्यासमोर यायचा, ती त्यावर खिसा बसवायची आणि पुढा शेजारच्या बाईकडे सरकवायची. दिवसाला सहाशे. कारखाना बंद पडला तेव्हा ती शेहेचाळीस वर्षांची होती. लग्न राहूनच गेलं होतं. अंबारावा गावातल्या घरी परतली तर आईला जाऊन वर्ष उलटलेलं. तिनं कुलूप काढलं, जाळी झाडली, चहा टाकला आणि सवयीनं दोन पेले मांडले. मग एक उचलून परत फळीवर ठेवला.

शिलाईच्या जुन्या पायमशिनींचा नाद तिला नंतर लागला. भंगारवाल्याच्या काट्यावर एक मशीन चढलेली दिसली, ती तिनं उतरवून घेतली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. गंजलेले स्क्रू रॉकेलमध्ये भिजवायचे, जुन्या टूथब्रशनं दात्यांत अडकलेले वर्षानुवर्षांचे धागे काढायचे, चाक रोज केसभर हलवून बघायचं. कारखान्यातली मोटर तिला ओढत न्यायची. ही मशीन मात्र आपण पाय थांबवला की थांबायची. दुरुस्त झालेल्या मशिनी ती गावातल्या शिंप्यांना, नव्या सुनांना, होतकरू पोरींना विकायची. शहरातले कॉफीवाले फक्त खालचा लोखंडी सांगाडा मागायला येत, टेबलं करायला. त्यांना ती दारातूनच वाटेला लावायची.

“येम, अगं मशिनींपेक्षा एखादा म्हातारा आणून दुरुस्त केला असतास तर बोलला तरी असता!” शेजारची लास्त्रीबाई, सगळ्यांची बू लास्त्री, कुंपणावरून म्हणायची.

“त्याचे सुटे भाग मिळत नाहीत, बू,” सारियेम म्हणायची आणि आत यायची.

म्बाह कार्सोंच्या घरी मशीन पडून आहे हे तिला बू लास्त्रीनंच सांगितलं. म्हातारे पंचाहत्तरीचे; सगळे त्यांना म्बाह, म्हणजे आजोबा, म्हणत. जन्मभर रेल्वेच्या मालधक्क्यावर पोती वाहिलेली, त्यामुळे खांदे अजून दाराएवढे. बायको सुमिराह दोन वर्षांपूर्वी गेली. एकुलता मुलगा सुतोपो एकोणिसाव्या वर्षी बापाशी भांडून बोर्निओकडे गेला, त्याला अकरा वर्षं झाली. “त्याचं नाव काढू नकोस हं त्यांच्यापुढे,” बू लास्त्रीनं बजावलं.

मशीन खिडकीशी होती. वर कापड झाकलेलं, कापडावर धूळ.

“घेऊन जा,” म्हातारे म्हणाले. “जेवायला बसलो की माझ्याकडे बघत असते. घास उतरत नाही.”

“किंमत सांगा, म्बाह.”

“तू सांग. मला काय कळतंय त्यातलं?”

तिनं वाजवी पैसे त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी ते न मोजताच खिशात घातले आणि हातगाडीपर्यंत मशीनला एका हातानं धरून आले.

मशीन पुरती जाम झाली होती. सुईची दांडी हलेना, चाक फिरेना. सारियेम तिच्यापुढे अठरा दिवस बसली. एकोणिसाव्या दिवशी आत कुठेतरी बारीक कट्ट झालं आणि चाक तिच्या तळव्याखाली आपसूक फिरलं. तिनं नवा चामडी पट्टा चढवला आणि पाय टाकला. आवाज गल्लीपर्यंत गेला असावा, कारण दुसऱ्याच दिवशी म्बाह कार्सो दारात उभे.

“लास्त्री म्हणाली चालायला लागली. जरा चालवून दाखव.”

तिनं चिंधीवर टीप मारून दाखवली. ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, “ती याहून जोरात चालवायची. शेजारी ओरडायचे.”

त्यानंतर ते दर दोन-तीन दिवसांनी येऊ लागले. फार बोलत नसत. ती काम करी, ते बाकावर बसून चहा पीत. सारियेम आता दोन पेले मांडू लागली.

रमजान लागायच्या आधी ते एक पुडकं घेऊन आले. आत निळ्या चौकड्यांच्या कापडाचे बेतलेले तुकडे होते. पुढे, पाठ, बाह्या, कॉलर, सगळं टाचणीनं एकत्र लावलेलं.

“तिनं शेवटचं बेतलेलं. शिवायचं राहिलं. माझाच सदरा असणार, दुसरं आहे कोण? ईदला घालीन म्हणतो. शिवशील?”

सारियेमनं पुडकं परत त्यांच्याकडे सरकवलं. “म्बाह, मला अख्खा सदरा येत नाही. मी फक्त खिसे केलेत.”

म्हातारे खो खो हसले. “चोवीस वर्षं? म्हणजे खिसा शिवून झाला की तुला कळायचंच नाही सदऱ्याचं पुढे काय झालं ते!”

“नाही कळायचं,” ती म्हणाली. तिलाही हसू आलं.

तिनं स्वतःचा एक जुना सदरा टाका-टाका उसवला आणि कोणता तुकडा कुठे जोडला जातो ते पाहून घेतलं. मग सुमिराहचे तुकडे टेबलावर मांडले. पाठीवर टेप धरला आणि थांबली. पुन्हा धरला. खांदा पंधरा इंच. म्हाताऱ्यांचा एकोणीस तरी असेल. छातीतही तसंच. बेतताना चूक झाली म्हणावं तर कापणी एकदम सफाईची, बाहीच्या मुंढ्याचा गोल जराही डळमळलेला नाही. हे माप एका सडपातळ, खांदे न भरलेल्या पोराचं होतं. सुतोपो ज्या अंगानं घरातून गेला, त्याच अंगाचा सदरा आईनं बेतला होता. तो आज तिशीचा असेल, त्यालाही हा होणार नाही, हे सुमिराहच्या ध्यानात आलं नसेल का?

सारियेम दोन दिवस त्या तुकड्यांभोवती घुटमळली. सांगावं तर म्हाताऱ्यांची ईद जाणार. न सांगावं तर सदरा अंगात जाणार नाही. शेवटी तिनं जुळतं निळं कापड आणलं, दोन्ही बगलांत रुंद कळ्या, म्हणजे जादा कापडाचे तुकडे, घातल्या, पाठीला मधोमध उभी पट्टी जोडली, खांद्यांना जोड दिला, आणि सुमिराहच्याच मशीनवर सगळं शिवलं. कॉलर किंचित वाकडी आली. एक बाही दोन वेळा उसवावी लागली.

म्हाताऱ्यांनी घालून पाहिला. अंगात नेमका बसला.

“खिसा काय बसलाय!” ते म्हणाले. “कॉलरचं मात्र काय झालं?”

“कॉलर पहिलीच आहे माझी, म्बाह.”

त्यांनी हात वर केला आणि बोटं बगलेतल्या शिवणीवरून फिरली. एकदा, पुन्हा एकदा.

“ही कळी तू घातलीस?”

“हो. कापड कमी पडलं.”

“सुमिराह कापड कधी कमी घ्यायची नाही.” ते बाकावर बसले. बराच वेळ बगलेतलं कापड चिमटीत धरून होते. “तो खांद्यांत माझ्यावर गेला नाही. आईच्या अंगानं गेला.”

सारियेमनं टेप गुंडाळायला घेतला.

“मी त्याला म्हणालो होतो, पुन्हा या उंबऱ्यात पाऊल टाकू नकोस. ती मधे पडली नाही. नंतर नऊ वर्षं माझ्याबरोबर राहिली, स्वयंपाक केला, माझे पाय चेपले, पण त्याचं नाव नाही काढलं. मला वाटायचं, विसरली. बरं झालं, विसरली.” त्यांनी चिमटीतलं कापड सोडलं. “माझ्याच घरात बसून बेतत होती, आणि मला विचारायची सोय नव्हती तिला.”

सदरा अंगातच ठेवून ते निघून गेले. त्यानंतर रमजानभर आले नाहीत. सारियेमनं दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत पाऊल फिरवलं.

ईदच्या दिवशी धाकट्यांनी थोरांच्या घरी जाऊन माफी मागायची असते. सारियेमला जाण्यासारखं घर उरलं नव्हतं. बू लास्त्रीकडे सेमारांगहून मुलं-नातवंडं आलेली, अंगणात चपलांचा खच. दुपारी केतुपाताचा, नारळाच्या पानांत शिजवलेल्या भाताचा, डबा घेऊन सारियेम म्बाह कार्सोंकडे गेली.

दार सताड उघडं होतं. ते निळा सदरा घालून दाराकडे तोंड करून बसले होते. पुढ्यात बिस्किटांच्या बरण्या, झाकणं अजून न उघडलेली. बाहेरून माणसांचे घोळके दुसऱ्या घरांकडे जात होते. प्रत्येक पावलाला म्हातारे मान वर करीत.

सारियेम गुडघ्यांवर बसली, त्यांचा हात कपाळाला लावला. “म्बाह, माझं काही चुकलं असेल तर पोटात घाला.”

“घातलं,” ते म्हणाले. तिला वाटलं, आता आशीर्वाद देतील. पण त्यांनी तिचे दोन्ही हात आपल्या खरखरीत हातांत घट्ट धरले आणि तिच्या डोक्यावरून, उघड्या दारातून बाहेर रस्त्याकडे बघत म्हणाले, “माझंही चुकलं असेल, तर मला माफ कर.”

थोरांनी धाकट्यांपुढे असं म्हणायची रीत नव्हती. आणि हे आपल्याला म्हटलेलं नाही, हे तिला कळत होतं. पण घरात दुसरं कुणी नव्हतं.

“माफ केलं,” सारियेम हळूच म्हणाली.

त्यांनी हात सोडले. तिनं एका बरणीचं झाकण उघडलं, दोघांनी एकेक बिस्किट खाल्लं. मग ती डबा तिथेच ठेवून ऊन उतरायच्या आत घरी आली.