अर्धा सांगितलेला नियम

ज्याने दुसऱ्याला ज्ञान द्यावे, त्याने ते पूर्ण द्यावे. अज्ञानी मनुष्य निदान साशंक तरी असतो. अर्धे जाणणारा निर्धास्त राहतो.

परिचारिकेने आपल्या वहिनीला छाती स्वतः तपासण्याची रीत शिकवली, त्याला बारा वर्षे लोटली. "पाळी सुरू झाली की आठव्या दिवशी बघायचं. पाळीच्या तोंडावर नको. छाती भरून येते, नसत्या गाठी हाताला लागतात." वहिनी शिवणकारखान्यात कापड बेतणारी, मापाची पक्की. "वन्सं, तुमच्या भावाचं जेवण चुकेल, माझा आठवा दिवस नाही," असे ती म्हणे. आणि तो खरोखरच चुकला नाही.

पुढे पाळी लांबत गेली, मग थांबली. वहिनी वाट पाहत राहिली: येईल, मग तेथून आठ मोजू. असे अकरा महिने गेले. काखेत टोचू लागले तेव्हा कुठे ती दवाखान्यात आली. गाठ काखेपर्यंत पसरली होती. उद्या शस्त्रक्रिया होती.

परिचारिका खाटेशी बसली. 

"वहिनी, पाळी गेली की महिन्याची एक तारीख धरायची असते. हे मी तुम्हाला सांगितलंच नाही."

वहिनी छताकडे पाहत म्हणाली, "विचारणार होते. पण म्हटलं, वन्सं चिडवतील, म्हातारी झाल्याची वर्दी द्यायला आली म्हणून."

"चूक माझी आहे."

"आहेच. मी काही नाही म्हणत नाही." मग तिने नणंदेचा हात आपल्या हातात घेतला. "कारखान्यात माझ्या टेबलावर सातजणी आहेत. तिघींची थांबलीय. इथे रडत बसू नका, त्यांना सांगून या."

परिचारिका दुपारच्या सुट्टीत कारखान्यात पोहोचली. तिने या वेळी नियम अखेरपर्यंत सांगितला. "आणि मध्येच काही वेगळं लागलं, तर तारखेचीही वाट बघू नका," हेही सांगितले.

"कुठली तारीख धरायची?" बटणांची काजे करणाऱ्या म्हातारीने विचारले.

"विसरणार नाही अशी."

म्हातारीने वहिनीच्या रिकाम्या जागेकडे पाहिले. "मग उद्याचीच धरू."

त्या सातजणींना दीर्घायुष्य लाभो. वहिनीला उद्याचा दिवस सोसवो. आणि जिने उशिरा का होईना पूर्ण सांगितले, तिच्या मनाला कधीतरी शांती मिळो.