तारेने बांधलेलं वजन

रोको बारिशाच्या लेकीचं, मारियेटाचं, लूकाशी लग्न झालं, त्याच वर्षीची ही गोष्ट. सप्टेंबर लागला होता. शिबेनिक बंदराच्या बाहेर, बेटाच्या आडोशाला संशोधनाची होडी उभी होती. तिच्यावर तिघंच. रोको मेकॅनिक, जावई लूका पाणबुड्या, आणि झ्रिंका. पाण्यात आपलं आपण फिरून खारटपणा नि प्राणवायू मोजणारं यंत्र हिनेच चार वर्षं खपून बनवलं होतं. पिवळं, वाम माशासारखं लांबट, म्हणून सगळे त्याला वाम म्हणत.

वाम कुठे अडकली, तर ठरल्या वेळी पोटाखालचं वजन टाकून तिने वर यावं, अशी सोय होती. पण आदल्या दिवशी लाटांच्या हिसक्याने अशी दोन वजनं गळून बुडाली. शिल्लक एकच राहिलं. ते रोकोने तारेने आवळलं, वामला पाण्यात सोडण्याआधी तार काढू म्हणून. आणि विसरला.

दुपारी वाम पस्तीस मीटरवर, शिंपल्यांच्या जुन्या शेतीच्या दोरांत अडकली. तिचा ठावठिकाणा सांगणारी टिकटिक तेवढी होडीवरच्या यंत्रात ऐकू येत होती.

"येईल," झ्रिंका म्हणाली. "तीनला वजन पडेल."

"सासरेबुवा, तोवर अंजीर काढा की," लूका म्हणाला. "का लेकीसाठी राखलेत?"

रोकोने पिशवी पुढे सरकवली. वर बघितलं नाही. बोलावं, तर खाली उतरणारा एकटा लूका. न बोलावं, तर संध्याकाळी बॅटरी संपून टिकटिक बंद होणार, आणि उद्या दक्षिणेचा वारा सुटून समुद्र खवळणार. होडी दहा पावलांची. कुठेही उभं राहिलं तरी झ्रिंकाचं घड्याळ दिसे.

सव्वातीनला तो म्हणाला, "ती नाही यायची. तार काढायची राहिली माझ्याकडून."

झ्रिंकाने फोन उचलला. म्हणाली, "एकट्याने कुणी उतरायचं नाही. गावातून दुसरा पाणबुड्या बोलावते."

"तो येईस्तोवर अंधार पडेल." लूका पोशाख चढवायला लागला होता. "तार कापायची नि वर यायचं. दहा मिनिटं."

"नको जाऊस, लूका," रोको म्हणाला.

"मग तुम्ही जाता? होडीत चढताना गुडघे वाजतात तुमचे."

चारला दहा कमी असताना वाम वर आली. तिला ओढून घ्यायला कुणी हात पुढे केला नाही. लूकाचे बुडबुडे एकाच जागी येत होते. रोको ते मोजत राहिला. मग ते थांबले.

लूका अकरा सप्टेंबरला दुपारी चारच्या सुमारास वारला. वय एकतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा सुटायच्या आत, त्याला वर काढलं. पाय दोरांत गुंतला होता.