मालकाच्या तोंडून

रंगुबाईंनी अंगठा पदराला पुसला आणि हजेरीच्या मशीनवर पुन्हा टेकवला. पुन्हा लाल दिवा लागला.

"थंब लागंना गं पोरी," त्या काचेपलीकडच्या उत्कर्षाला म्हणाल्या. "रेघा झिजल्या का काय माझ्या?"

उत्कर्षानं संगणकावरून नजर उचलली नाही. आटपाडीजवळच्या त्या डाळिंबाच्या पॅकहाउसमध्ये हजेरीचं काम तिच्याकडं होतं, आणि सोमवारी रंगुबाईंचं नाव यादीतून तिनंच काढलं होतं. दिग्विजय मालकांनी तसं सांगितलं होतं. "त्यांना काही बोलू नकोस," असंही सांगितलं होतं. "चार दिवस येतील, मग समजून घेतील."

एकोणीस वर्षं रंगुबाई तिथं माल निवडत होत्या. फळ तळहातावर घेतलं की आतून काळं पडलंय का, ते त्या न फोडता सांगत. आता त्यांच्या टेबलाच्या जागी वजनानं आणि रंगानं फळं वेगळी करणारं यंत्र आलं होतं. बायकांना आणणारी गाडी त्यांच्या फाट्यावर थांबेनाशी झाली, तशा त्या तीन किलोमीटर चालत येऊ लागल्या.

त्या दिवशीही त्या आत गेल्या आणि भिंतीकडेला बसल्या. यंत्रानं चांगल्यात टाकलेल्या फळांच्या क्रेटमधून त्यांनी सात फळं बाजूला काढली. शेजारच्या शालूबाईनं त्यातलं एक फोडलं. आत काळं. दुसरं फोडायच्या भानगडीत ती पडली नाही.

गुरुवारी दिग्विजयनं एक कागद टाइप करून घेतला आणि रंगुबाईंची सही आणायला उत्कर्षाला खाली पाठवलं.

"वाच की आदी," रंगुबाई म्हणाल्या.

'घरगुती अडचणीमुळे मी स्वखुशीने काम सोडत आहे,' उत्कर्षानं वाचलं.

"कुनाच्या घरात अडचन हाय?"

उत्कर्षा जिन्याकडं एकदा बघून हळूच म्हणाली, "सही करू नका मावशी. तुमचं नाव सोमवारीच काढलंय. मीच काढलंय."

"ठावं हाय मला. सोमवारपासनं तू माझ्याकडं बघत न्हाईस."

"मग रोज का येताय?"

रंगुबाईंनी कागदाची घडी घातली आणि त्या ऑफिसचा जिना चढू लागल्या. उत्कर्षा मागोमाग गेली.

दिग्विजय फोनवर होता. बोलणं संपत आलं होतं, पण रंगुबाईंना दारात पाहून त्यानं ते लांबवलं. त्या उभ्याच राहिल्या. अखेर त्याला फोन ठेवावा लागला.

"तसं काही नाही हो मावशी. सध्या माल कमी येतोय. कळवतो की तुम्हाला."

"कवा?"

"बघू."

रंगुबाईंनी कागद टेबलावर ठेवला. "दादा, ह्यो कागद माझा न्हाई. मी काम सोडल्यालं न्हाई. तुमी काढलं असंल तर काढलं म्हना. भांडायला आले न्हाई मी. एकडाव तोंडानं सांगा, आन् सांगशीला तेच लिवून द्या."

दिग्विजयनं पेन उचललं, टोपण लावलं, काढलं. खाली यंत्राची घरघर चालू होती. शेवटी खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "उद्यापासून येऊ नका."

"हिकडं बघून म्हना."

त्यानं बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. "उद्यापासून येऊ नका, मावशी."

"बरं झालं."

कुणी न सांगता उत्कर्षा तिथल्या संगणकापाशी बसली. 'यंत्र बसवल्यामुळे श्रीमती रंगुबाई यांना कामावरून कमी करण्यात येत आहे.' छापून निघालेला कागद तिनं मालकापुढं ठेवला. त्यानं तिच्याकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं आणि सही केली.

दोघी फाटकापाशी आल्या. तिथं रंगुबाईंनी आपला फोन तिच्या हातात दिला.

"खरसुंडीच्या डाळिंबाच्या शेडवाल्याला लावून दे. दोन म्हयनं कामाला बोलावतोय त्यो."

उत्कर्षा बघतच राहिली. "दोन महिने? मग तुम्ही गेला का नाहीत?"

"आगं, हितनं सुटल्याबिगर दुसऱ्याला व्हय कसं म्हनायचं?"

फोन लागला. "व्हय, रंगुबाई बोलतीया," त्या म्हणाल्या. "उद्या येते."

पलीकडून भांडणाबद्दल काहीतरी विचारलं गेलं. रंगुबाईंनी वर ऑफिसच्या खिडकीकडं पाहिलं. दिग्विजय तिथं उभा होता.

"न्हाई न्हाई, मानसं चांगली हायती," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "सांगून निघालीया."