लेकानच्या दोन खोल्या

बारिगातली ती खोली दाखवताना लेकान एजंट म्हणाला की इथली भाडेकरू बाई गावी गेलीय, कुणाच्या तरी अंत्यविधीला, आणि आता ती परत यायची नाही. सामान तिचा भाऊ घेऊन जाईल. चावी लेकानच्याच खिशात होती. तो खिडकीतल्या वाऱ्याचं कौतुक करत होता, तेवढ्यात मी स्टोव्हवरच्या पातेल्याला बोट लावलं. सूप अजून गरम होतं.

"ब्रदर लेकान, गावी गेलेली बाई सूप कसं करते?"

"शेजारी वापरत असतील स्टोव्ह. तुम्ही पण ना मॅडम, फारच संशयी बुवा!"

आहेच मी संशयी. लागोसमध्ये भाड्यानं राहणारी बाई संशयी नसेल तर ती एक तर कालच आलेली असते, नाही तर घरमालकीण असते.

शोमोलूतल्या माझ्या खोलीत मी माझी लेक उदेमे रांगत होती तेव्हापासून राहतेय. नवरा गेल्यावर तिथंच मशीन मांडलं आणि शाळांचे गणवेश शिवायला घेतले. आसपासच्या सगळ्या आयांना माझं दार डोळे मिटून सापडतं. मालक इबादानला राहतो, त्याचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही. भाडं घेणं, निरोप आणणं सगळं लेकानकडे. त्यानंच नोटीस आणून दिली होती. मालकाची मुलगी परदेशातून येतेय, महिनाअखेर खोली सोडा. आणि त्याच दमात म्हणाला, "काळजी करू नका, माझ्याकडे दुसरी एक खोली आहे." इतकी तत्परता मला तेव्हाच खटकली होती.

वर्षाचं भाडं आगाऊ, त्यावर एजंटचं कमिशन, त्यावर कराराचे पैसे. भिशीत माझा नंबर लागला होता म्हणून तेवढे कसेबसे जमले होते. ते एकदा बुडाले की आम्ही मायलेकी रस्त्यावर आणि उदेमेची शाळा बंद. म्हणून पैसे देण्याआधी, लेकानला न सांगता, मी दुसऱ्या दिवशी दुपारी बारिगाला गेले. शहाणी माणसं इथं हेच करतात.

खोलीच्या दारात एक जाडजूड बाई उगूची पानं चिरत बसली होती.

"काय पाहिजे?"

"खोली बघायला आलेय."

"कुठली खोली?"

"ही."

तिची सुरी थांबली, पण तिनं ती खाली ठेवली नाही. "या खोलीत मी राहते, बाई."

"तुम्ही तर गावी आहात. अंत्यविधीला."

"कुणाच्या?"

"ते काही एजंटनं सांगितलं नाही."

"मग माझ्याच असेल," ती म्हणाली. "बस. मयताच्या घरी आल्यावर उभं राहू नये."

मी बसले, पण पर्स मांडीवर घट्ट धरून. ही लेकानचीच कुणी असेल, दोघं मिळून मला गोत्यात आणत असतील, असं माझ्या डोक्यात घोळत होतं. तिलाही मी मालकाची हेर वाटत असणार, कारण ती पानं सोडून माझ्या चपलांपासून केसांपर्यंत सगळं निरखत होती. तिचं नाव ममा कोसी. सुकी मासळी विकते. माझं नाव तिनं विचारलं नाही.

"तशी मी जाणारच आहे इथून," ती म्हणाली. "मालकाचा मुलगा येतोय म्हणे परदेशातून. नोटीस आलीय."

"नोटीस कुणी आणली?"

"लेकाननं. माणूस बरा आहे, लगेच दुसरी खोली पण काढून दिली. शोमोलूत. बोअरिंगच्या मागं, निळं गेट."

माझं गेट निळं आहे.

"तिथं कुणी बाई राहते ना?" मी विचारलं.

"जातेय ती. शिवणकाम करते. एक नंबरची भांडकुदळ, भाडं थकवलेलं, नवऱ्यानं टाकलेली."

"माझा नवरा वारला," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "टाकलं नाही त्यानं मला. आणि भाडं मी कधी एक दिवस पुढं ढकललेलं नाही."

ममा कोसी पुढं वाकली. मग हळूच म्हणाली, "हिरवी मच्छरदाणी? पलंगाखाली गारीच्या पिठाचं पोतं?"

"तू आत कधी गेलीस?"

"रविवारी सकाळी. त्यानंच दार उघडलं."

रविवारी सकाळी मी चर्चमध्ये असते आणि हे लेकानला पक्कं ठाऊक आहे. मी देवासमोर त्याच्या पोराबाळांसकट सगळ्यांचं भलं मागत होते आणि हा माझ्या पलंगाखाली लोकांना डोकावू देत होता.

पुढचं समजायला दोघींना वेळ लागला नाही. एजंटला कमिशन मिळतं ते नव्या भाडेकरूकडून, पहिल्याच वर्षी. जुनी भाडेकरू म्हणजे त्याच्या लेखी भाकड शेळी. मग त्यानं काय करावं? मला उठवून तिच्या खोलीत घालायचं, तिला उठवून माझ्या खोलीत, आणि दोघींकडून कमिशन घ्यायचं. मालकांना पत्ता नाही. परदेशातून ना कुणाची मुलगी येणार, ना कुणाचा मुलगा.

"मेला," ममा कोसी म्हणाली, आणि उगूच्या पानांवर सुरी अशी चालवली की मला लेकानची दया यावी. ती आली नाही.

कोर्टाच्या हुकुमाशिवाय कुणाला खोलीबाहेर काढता येत नाही, एवढं दोघींना माहीत होतं. तेव्हा ठरलं: कुणी हलायचं नाही, कुणी पैसे द्यायचे नाहीत. पण एकीनं जरी कच खाऊन पैसे भरले आणि सामानाची गाडी दुसरीच्या दारात आणली, की संपलं. हे तिलाही कळत होतं. निघताना आम्ही फोन नंबर घेतले आणि हसलो, पण हसताना एकमेकींचे डोळे तपासले.

शुक्रवारी लेकान आला. मी पैसे देत नाही म्हटल्यावर तो रागावला नाही, उलट गोड हसला. "तुमची मर्जी, मॅडम. ममा कोसींनी मात्र कालच पैसे भरले. उद्या त्यांची गाडी येतेय इथं."

तो जाताच मी तिला फोन लावला. बंद. तासाभरानं परत लावला, बंदच. वीज नसेल, फोन चार्ज नसेल, मी स्वतःला समजावत होते. पण दुसरं मन म्हणत होतं, मासळीवालीच ती, गोड बोलून माल खपवणं तिचा धंदाच आहे. तिनं मला 'बस' म्हटलं म्हणून मी बसले, एवढ्यावर तिचा भरवसा धरायचा?

शनिवारी सकाळी मी दाराला कुलूप घातलं आणि तिची बांधाबांध चाललीय का ते बघायला निघाले. बारिगाच्या स्टॉपवर उतरते, तर समोर ममा कोसी, शोमोलूच्या केके रिक्षात चढताना. तिचा एक पाय आत, एक बाहेर.

"तू इथं काय करतेस?" तिनं दरडावलं.

"तू कुठं निघालीस?"

"तू पैसे भरलेस असं तो म्हणाला."

"तूच भरलेस असं मला म्हणाला!"

केकेवाला ओरडायला लागला, चढा नाही तर उतरा. ममा कोसीला हसू फुटलं, मलाही. भर रस्त्यात एकमेकींचे हात धरून दोन बाया हसत होत्या. मग मधेच तिचं हसू थांबलं.

"तुझ्या घरी कोण आहे आत्ता?"

"कुणी नाही. उदेमे मैत्रिणीकडे गेलीय. तुझ्या?"

ती उत्तर द्यायला थांबली नाही, तशीच उलट्या पावली पळत सुटली.

मी घरी पोचले तेव्हा माझं कुलूप कापून पायरीवर टाकलेलं होतं आणि दाराला भलंमोठं नवं कुलूप होतं. गेटवरचा केअरटेकर रेडिओचा कान पिळत आकाशाकडे बघत होता. त्याला काही दिसलं नव्हतं, काही ऐकू आलं नव्हतं. आत माझं मशीन होतं, कापलेले गणवेश होते, भिशीचे पैसे होते. रडू येत होतं, पण त्या केअरटेकरसमोर मी रडणार नव्हते.

फोन वाजला. ममा कोसी कुणाच्या तरी फोनवरून बोलत होती. "माझ्याकडे पण कुलूप लावलंय. तू तिथंच थांब, हलू नकोस. वेल्डरकडून हातोडा घेऊन येते."

मी पायरीवर बसून राहिले. ती यायची नाही, असं मला वाटत होतं. हातोडा हातात आल्यावर ती आधी स्वतःचं कुलूप फोडेल आणि आत जाऊन बसेल. मी असते तर मी तेच केलं असतं.

ती आली. घामाघूम झाली होती. पदरासारखं गुंडाळलेलं फडकं सोडून तिनं हातोडा काढला आणि काही न विचारता माझ्या दाराशी गेली. तीन-चार घाव बसले आणि कडीसकट कुलूप खाली आलं.

"माझं आधी का?" मी विचारलं.

"तू विश्वास ठेवायची नाहीस, म्हणून," ती म्हणाली. "आता आत जाऊन बस. तू बाहेर पडलीस की तो परत येईल. माझं मी बघते."

दार सताड उघडं होतं. मशीन दिसत होतं, गणवेश दिसत होते. कडी तुटलेली, लावायला काही नाही. केअरटेकरनं आता रेडिओ बंद केला होता आणि उघडपणे आमच्याकडे बघत होता.

मी ममा कोसीच्या हातातून हातोडा घेतला. "केके थांबव," मी म्हणाले.