भिंतीवरची लाठी

मी एक जुनी लाठी आहे. पापडी गावातल्या एका दिवाणखान्यात मला खिळ्यांवर आडवी टांगली आहे. पाहुणे कौतुक करतात आणि माझा संताप होतो.

मित्रांनो, मी तुंगारेश्वरच्या रानातला भरीव बांबू. बर्नार्ड वस्तादांनी मला धगीवर सरळ केले, तेल पाजले आणि आपल्या तालमीत आणले. तिथे मातीला नमस्कार केल्याशिवाय मला कुणी शिवत नसे. वस्तादांचा आणखी एक नियम होता. डोक्यावर जड पाटी एकट्याने चढत नाही, म्हणून बाजाराच्या वाटेवर बायका ‘हात लाव’ म्हणत. ती हाक ऐकून जो थांबला नाही, त्याला त्या दिवशी लाठी मिळत नसे.

१९५२ साली वस्ताद थकले. जत्रेतला सामना जिंकेल त्याला मी मिळणार, असे त्यांनी जाहीर केले. माझे पुढचे सारे आयुष्य त्या सामन्यावर होते. खरी चुरस प्लासिड आणि क्लेमेंट या दोघांत होती.

त्या सकाळी वस्तादांच्या सांगण्यावरून प्लासिड मला घेऊन मैदानाकडे निघाला. क्लेमेंट मागून येत होता. वाटेत पाचूबंदरची कोळीण कार्मिन बसली होती. तिच्या पाटीचा तळ फाटून मासळी मातीत सांडली होती.

“पोरा, हात लाव रं. ऊन चढला तर मासली जाईल.”

“आज नाही, मावशी. कपडे घाण होतील,” प्लासिड म्हणाला आणि चालू लागला. मला तोंड असते तर तिथेच ओरडले असते. क्लेमेंटने मात्र अंगातला सदरा काढून त्यात मासळी बांधली आणि फाटकी पाटी कवटाळून तो तिच्याबरोबर बाजारात गेला.

तो मैदानावर पोचला तेव्हा पंचांनी त्याचे नाव खोडले होते. वस्तादसुद्धा त्याच्यावर खेकसले. त्याला उशीर का झाला, हे कुणीही विचारले नाही. प्लासिडच्या गळ्यात हार पडला.

संध्याकाळी कार्मिन तालमीत सदरा परत द्यायला आली. तिने तो धुऊन आणला होता.

“वस्ताद, तुमच्या या पोरानं माजा दिवस वाचवला. आनि तो हारवाला, तो थांबला पन नाय.”

वस्तादांनी आधी क्लेमेंटच्या खांद्यावर हात ठेवला. मग ते प्लासिडकडे वळले.

“मी जिंकलोय,” प्लासिड म्हणाला.

“जिंकलास. मी शब्द दिलाय, लाठी घेऊन जा. पण इथला नमस्कार इथेच ठेव. उद्यापासून येऊ नकोस.”

अशी मी या भिंतीवर आले. तेलावाचून मला चिरा पडल्या. तिकडे क्लेमेंट साध्या काठीने पोरांना शिकवतो. बाजाराच्या दिवशी खिडकीतून त्याच्या तालमीतली पोरे पाट्या चढवताना दिसतात. या घरातून अजून कुणी त्या हाकेला बाहेर गेलेले नाही.

मित्रांनो, मला तेल द्या, नाहीतर चुलीत घाला, माझी तक्रार नाही. पण ज्याचे पाय त्या हाकेला थांबत नाहीत, त्याच्या हाती लाठी देऊ नका. आत्ताही खाली रस्त्यावर कुणी बाई म्हणते आहे, “हात लाव रं.” प्लासिड खिडकी लावून घेतो आहे.