मालकाला विचारून सांगते

मी लेथ बोलतोय. लोखंड फिरवून, सोलून, त्याला आकार देणारं यंत्र. माझं वजन दीड टन, स्वभाव तापट आणि आवाज मोठा. गोड बोलणं माझ्याकडून होणार नाही.

माझा पहिला धनी शिवराळ होता. हातातला तुकडा बिघडला की स्वतःला सोडून सगळ्यांना शिव्या. मग लेथवरच काम करणाऱ्या एका टर्नरने मला जुन्यात घेतलं. त्याने नऊ वर्षं मला लेकरासारखं पुसलं आणि एक दिवस छाती धरून माझ्यासमोरच बसला, तो उठलाच नाही.

आठवडाभरात त्याचा धाकटा भाऊ आला. "वहिनी, विकून टाका हे धूड. हे बायकांचं काम नाही."

"भाऊजी, मालकाला विचारून सांगते," टर्नरची बायको, म्हणजे आमच्या बाई म्हणाल्या.

"दादा तर गेला!"

"तुमचे दादा माझे मालक होते. हे वर्कशॉप पहिल्यापासून प्रभू येशूचं. आम्ही दोघं इथे कामाला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याचा एप्रन चढवला. सहा महिन्यांत सात टूल, म्हणजे माझी लोखंड सोलणारी पाती, मोडली, एक नख गमावलं, पण शिकल्या. रोज शटर उघडलं की माझ्या थंडगार अंगावर हात ठेवून म्हणायच्या, "प्रभू, आजचं काम तू दाखव." मी यंत्र आहे, मला भक्तीतलं काही कळत नाही. पण तो हात एकही दिवस चुकला नाही, एवढं सांगतो.

काम वाढलं. एका ठेकेदाराने लिफ्टच्या ब्रेकच्या पिना द्यायला सुरुवात केली. वर्षभर आम्ही दुसरं काम घेतलंच नाही. मग एकदा त्याने स्वतःचं पोलाद पाठवलं. खरं पोलाद माझ्या टूलाशी भांडतं. हे लोण्यासारखं सोलत गेलं. बाईंनी मला बंद केलं आणि त्याला बोलावून घेतलं.

"साहेब, हा माल मऊ आहे. ब्रेक धरणार नाही."

"पिना आतमध्ये असतात बाई, बघतंय कोण? वर तुमच्या वर्कशॉपचा नेहमीचा शिक्का मारा. तुमच्या देवाला काय कळतं पोलादातलं?"

"सुताराच्या घरात वाढलाय तो. मालाची पारख आहे त्याला."

ठेकेदार हसला. "नाही म्हणालात तर या गावात तुम्हाला खिळासुद्धा कोणी देणार नाही."

बाई स्टुलावर बसल्या. डोळे मिटले. उत्तर त्यांना आधीच ठाऊक होतं. त्या बळ मागत होत्या, असं मला वाटतं. उठल्या आणि म्हणाल्या, "माल उचला. एक पिन मी ठेवून घेतेय."

ती पिन घेऊन त्या लिफ्ट तपासणाऱ्या इंजिनिअरकडे तीनदा गेल्या. चौथ्या दिवशी तो कंटाळून वर्कशॉपमध्ये आला. धाकटे भाऊजीही आले होते, वहिनीची फजिती बघायला. बाईंनी पिन वाइसच्या पकडीत आवळली आणि हातोडा भाऊजींच्या हातात दिला. "मारा."

एका घावात पिन वाकली. नुसती वाकली नाही, मान टाकली तिने.

भाऊजींचा रंग उतरला. या पिना ज्या नव्या इमारतीच्या लिफ्टसाठी होत्या, तिथेच त्यांची मुलं राहायला जाणार होती. दुसऱ्या कुणाकडून करून घेतलेल्या तसल्याच पिना तिथे बसल्याही होत्या. लिफ्ट सुरू होण्याआधी सगळ्या काढल्या गेल्या.

तुम्हाला वाटेल, मग आमच्या दारात रांग लागली. छे! चार महिने कुत्रं फिरकलं नाही. माझ्या अंगावर गंज चढू बघत होता. बाई रोज शटर उघडायच्या, मला तेल द्यायच्या आणि वाट बघायच्या. एकदा मात्र त्यांचा तोल गेला. वर बघून ओरडल्या, "मालक म्हणवतोस ना? मग काम आण! मी दार लावणार नाही, सांगून ठेवते!" आणि पदराने डोळे पुसून मलाच घासू लागल्या.

पाचव्या महिन्यात एका बेकरीचं कणीक मळायचं यंत्र अडलं. त्याचा दांडा आमच्याकडे आला. मग एक पंप. मग दुसरा. काम आजही बेताचंच येतं, पण जे येतं ते खरं येतं. भाऊजी आता माझ्यावरच शिकतायत आणि मोडलेली टूल लपवून ठेवतात.

मी झिजलोय. बारीक काम मला जमत नाही, भंगारवाला दारावरून जाताना माझ्याकडे टक लावून बघतो. बघू दे.

जाता जाता एकच सांगतो. तुमच्याही दारात कुणी तरी खोट्या मालावर तुमचा शिक्का मागायला येईल. नाही म्हणून बघा. आभाळ कोसळेल, अशी भीती घालतील. कोसळू द्या. मी त्याखाली चार महिने उभा होतो.